क्लिपवरचा मार्कर की टाइमलाइनवरचा? विणकरांच्या मुलाखतींची मांडणी करताना आलेली अडचण

वडगावची विणकरकन्या

नमस्कार. मी बेळगावातील वडगाव येथे राहते. माझे आजोबा आणि वडील दोघेही मागावर बसत असत. आता आमच्या घरी माग नाही, पण वडगाव, शहापूर आणि खासबाग या भागांतील काही गल्ल्यांत यंत्रमागाची खटखट अजूनही कानावर येते. गेल्या दिवाळीपासून मी या भागातील वयस्क विणकरांच्या मुलाखती चित्रित करीत आहे. आतापर्यंत २३ मुलाखती झाल्या असून त्यांचे चित्रण सुमारे ३१ तासांचे भरते. त्याशिवाय धावता धोटा (आडवे सूत नेणारे साधन), ताणा (उभे सूत) जोडणारी बोटे, कांड्या भरणाऱ्या बायका, काठापदराची नक्षी अशा नुसत्या दृश्यांच्या चारशेहून अधिक लहान क्लिप जमल्या आहेत. संकलनासाठी मी दा विंची रिझॉल्व्ह या संगणक-प्रणालीची मोफत आवृत्ती वापरते.

माझी अडचण अशी की, पहिल्या सहा मुलाखती मी एकाच टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप जोडण्याच्या काळपट्टीवर, ओळीने मांडल्या आणि ऐकता ऐकता जिथे महत्त्वाचे बोलणे आले तिथे ‘एम’ ही कळ दाबून मार्कर, म्हणजे खूण, लावत गेले. तीन रात्री जागून २१० मार्कर झाले आणि त्यांतील बहुतेकांना मी नावेही दिली. त्यानंतर दुसऱ्या मुलाखतीच्या आरंभीचा, कॅमेरा मांडताना झालेला साडेचार मिनिटांचा निरुपयोगी भाग मी काढून टाकला आणि मोकळी पडलेली जागा बुजवली. त्यासरशी पुढच्या सगळ्या क्लिप मागे सरकल्या, पण मार्कर मात्र होते तिथेच राहिले. ‘पहिल्या मागाची किंमत सांगतात’ असे नाव दिलेला मार्कर आता एका आजींनी चहाचा कप खाली ठेवला त्या क्षणावर आहे. ही चूक माझ्या लक्षात आली तोपर्यंत मी आणखी दोन ठिकाणी कापाकापी केली होती.

मार्कर क्लिपला चिकटून कसे राहतील, हा माझा पहिला प्रश्न आहे. चारशे लहान क्लिपांसाठीही मार्करच वापरावेत की वेगळी काही रीत आहे, हा दुसरा. तिसरा प्रश्न आपल्या भागातलाच आहे. माझे बहुतेक विणकर एकाच वाक्यात मराठीतून कन्नडमध्ये जातात आणि परत येतात, त्यामुळे पुढे उपशीर्षके करताना कोणता भाग कोणत्या भाषेत आहे हे शोधत बसावे लागेल. त्याची नोंद आत्ताच कशी करून ठेवावी?

निपाणीचा संकलक

ताई, आपले काम मोलाचे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी निपाणीत गेली अकरा वर्षे लग्नसमारंभ आणि सभा-संमेलनांच्या चित्रणाचे संकलन करतो, आणि आपल्याला आली तीच अडचण मलाही एका लग्नाच्या वेळी आली होती.

रिझॉल्व्हमध्ये मार्कर दोन ठिकाणी बसतो. टाइमलाइनवर कोणतीही क्लिप निवडलेली नसताना ‘एम’ दाबला तर तो वरच्या मोजपट्टीवर बसतो. तो काळाच्या एका बिंदूला बांधलेला असतो, त्या बिंदूखाली कोणती क्लिप आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. क्लिप आधी निवडून मग ‘एम’ दाबला तर मार्कर त्या क्लिपवर बसतो आणि क्लिप कुठेही नेली तरी तिच्याबरोबर जातो. आपले २१० मार्कर पहिल्या प्रकारचे आहेत. आपण क्लिपा हलवल्या, पट्टी हलली नाही.

टाइमलाइनच्या मेन्यूत मोजपट्टीवरचे मार्करही क्लिपांबरोबर सरकावेत असा एक पर्याय आहे, त्याचे नाव ‘रिपल टाइमलाइन मार्कर्स’. तो चालू ठेवला असता तर जागा बुजवताना हे मार्कर मागे आले असते. प्रीमियर या दुसऱ्या संकलन-प्रणालीतही मार्करच्या मेन्यूत ‘रिपल सिक्वेन्स मार्कर्स’ या नावाने तशीच सोय आहे. मात्र मुलाखतींच्या कामात मी त्यावर विसंबत नाही, कारण तो पर्याय चालू आहे की बंद हे दर वेळी आठवणीने पाहावे लागते आणि रात्री अकरानंतर माणसाची आठवण दगा देते.

माझा सल्ला असा की, मुलाखतीवर खुणा करायच्या असतील तर टाइमलाइनवर जाऊच नये. मीडिया पूलमधील (प्रकल्पात घेतलेल्या क्लिपांच्या साठ्यातील) मूळ क्लिप डावीकडच्या सोर्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मूळ क्लिप पाहण्याच्या खिडकीत, उघडावी, जे-के-एल या कळांनी ती मागेपुढे चालवत ऐकावी आणि तिथेच ‘एम’ दाबावा. तो मार्कर मूळ क्लिपवर बसतो आणि पुढे त्या क्लिपचा तुकडा टाइमलाइनवर टाकला की त्या तुकड्यातील मार्कर सोबत येतात. ‘एम’ पाठोपाठ पुन्हा दाबला की नाव, टीप, रंग आणि कळशब्द (शोधण्यासाठीचे शब्द) लिहिण्याची खिडकी उघडते. पण क्रम पाळावा लागतो. आधी खुणा, मग कापाकापी. तुकडा एकदा टाइमलाइनवर गेल्यानंतर मूळ क्लिपवर वाढवलेला मार्कर त्या जुन्या तुकड्यावर आपोआप पोहोचतो असा माझा अनुभव नाही.

बोलण्याचा पल्ला मोठा असेल, समजा विणकर चार मिनिटे एकाच प्रसंगाविषयी बोलत असेल, तर मार्कर ऑल्ट कळ धरून ओढला की त्याला लांबी येते. मुलाखतींसाठी मला हीच सोय सर्वांत उपयोगी वाटते, कारण नुसता बिंदू दाखवतो की बोलणे इथे सुरू झाले, पण ते कुठे संपले हे पाहण्यासाठी पुन्हा ऐकावे लागते.

आपले हललेले मार्कर परत मिळवण्यासाठी प्रोजेक्ट मॅनेजर उघडून प्रकल्पावर उजवी क्लिक करावी आणि ‘प्रोजेक्ट बॅकअप्स’ पाहावे. प्रणालीच्या प्राधान्यांमध्ये (प्रेफरन्सेसमध्ये) स्वयंचलित बॅकअप चालू असेल तर कापाकापीच्या आधीची प्रत तिथे मिळण्याची शक्यता आहे. ती वेगळ्या नावाने उघडावी, सध्याच्या प्रकल्पावर उघडू नये.

खानापूरची ओवी

ताई, मी खानापूर तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे आणि सुट्टीत आजूबाजूच्या गावांतील म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या चित्रित करते. वरील उत्तरातील तांत्रिक भाग बरोबर आहे. मला लिहायचे आहे ते आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाविषयी, कारण या दोन्हींत मी पहिले वर्ष वाया घालवले आहे.

मार्कर हा क्षणासाठी असतो. एका लांब क्लिपमध्ये कुठे काय आहे हे तो सांगतो. आपली धोट्याची आठ सेकंदांची क्लिप हे अख्खे एकच दृश्य आहे. तिच्यावर मार्कर लावून ‘धोटा’ असे लिहिल्याने काहीच साधत नाही, कारण ती क्लिप उघडल्याशिवाय मार्कर दिसत नाही. अशा क्लिपांसाठी बिन, म्हणजे कप्पे, करावेत आणि प्रत्येक क्लिपच्या मेटाडेटात, म्हणजे तिच्याविषयीच्या माहितीत, कळशब्द लिहावेत, म्हणजे मीडिया पूलमध्ये शोधताच त्या समोर येतात. एक क्लिप एकाच बिनमध्ये सोयीने राहते, पण तिला कळशब्द मात्र हवे तितके देता येतात. ज्या दृश्यात म्हाताऱ्या विणकराचे हातही आहेत, धोटाही आहे आणि खिडकीतून येणारे सकाळचे ऊनही आहे, तिला हे तिन्ही शब्द द्यावेत. चारशे क्लिपांना शब्द देण्यात माझ्या अंदाजाने आपल्या दोन-तीन संध्याकाळी जातील, आणि त्या सत्कारणी लागतील.

कळशब्द लिहिताना मराठीमुळे एक अडचण येते, तिचा उल्लेख मला कुठेही वाचायला मिळाला नाही. शोध अक्षरे जुळवतो, शब्दाचा अर्थ त्याला कळत नाही. मी काही क्लिपांना ‘जाते’, काहींना ‘जात्यावर’, तर काहींना ‘जात्याचा आवाज’ असे लिहिले होते आणि ‘जाते’ शोधल्यावर एक तृतीयांश क्लिपाच पुढे येत. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचे सामान्यरूप होते आणि शेवटचे अक्षर बदलते. आपल्याकडे ‘माग’ लिहिले तर ‘मागावर’ही सापडेल, कारण आरंभीची अक्षरे तीच राहतात, पण ‘धोटा’ शोधल्यावर ‘धोट्याने’ सापडणार नाही आणि ‘ताणा’ शोधल्यावर ‘ताण्याची’ सापडणार नाही. म्हणून कळशब्द नेहमी मूळ रूपात, एकवचनी आणि प्रत्यय न लावता लिहावा. पूर्ण वाक्य लिहावेसे वाटले तर ते टिपेत लिहावे. मी एका वहीच्या शेवटच्या पानावर ४० शब्दांची यादी करून ठेवली आहे, आणि त्या यादीत नसलेला शब्द आधी वहीत लिहिल्याशिवाय संगणकात लिहीत नाही.

हाच नियम कन्नड शब्दांनाही लावावा. आपले विणकर मागाला कधी माग म्हणतील, कधी मग्ग. धोट्याला कधी लाळी म्हणतील, सुताला नूलु म्हणतील. जो शब्द त्यांच्या तोंडून आला तो टिपेत जसाच्या तसा जरूर लिहावा, कारण पुढे कोणी बोलीचा अभ्यास केला तर तोच हवा असेल. पण कळशब्द मात्र एकच ठेवावा.

भाषेच्या नोंदीसाठी मी रंग वापरते. रिझॉल्व्हमध्ये मार्करला १६ रंग मिळतात आणि सुरुवातीला सगळेच वापरावेसे वाटतात. मी नऊ वापरले होते, आणि दोन महिन्यांनी जांभळा कशासाठी ठरवला होता हे मलाच आठवेना. आता माझे चारच रंग आहेत. हिरवा म्हणजे अंतिम चित्रफितीत घ्यावे असे बोलणे, निळा म्हणजे कन्नड भाग, पिवळा म्हणजे गावाचे किंवा माणसाचे नाव, जे विचारून खात्री करायची आहे, आणि तांबडा म्हणजे आवाज बिघडलेला भाग. निळ्या मार्करला नेहमी लांबी द्यावी, म्हणजे उपशीर्षके करताना कुठून कुठपर्यंत भाषांतर हवे हे लगेच कळते. एडिट इंडेक्स या यादीत एकाच रंगाचे मार्कर निवडून पाहता येतात; निळे तेवढे निवडले की भाषांतर करणाऱ्यासाठी वेळांसह यादी तयार होते. एकेका शब्दासाठी मात्र निळा मार्कर लावू नये. वाक्य मराठी असेल आणि मध्ये ‘मग्ग’ आला, तर ते मराठीच वाक्य आहे, आपल्या भागात सगळे तसेच बोलतात. पूर्ण वाक्य किंवा त्याहून मोठा भाग कन्नडमध्ये असेल तेव्हाच खूण करावी, नाही तर सगळी फीतच निळी होईल.

आणखी एक मत मांडते, ते सर्वांना पटेल असे नाही. पहिल्यांदा मुलाखत पूर्ण ऐकताना एकही मार्कर लावू नये. पहिल्या ऐकण्यात जे बोलणे महत्त्वाचे वाटते तेच माणूस पुढे चाळीस मिनिटांनी अधिक नेमके सांगतो, आणि मग आपल्याकडे एकाच गोष्टीच्या तीन हिरव्या खुणा होतात. मी पहिले ऐकणे वहीवर करते आणि दुसरे ऐकणे कळफलकावर.

निपाणीचा संकलक

मॅडम, सामान्यरूपाचा मुद्दा माझ्या कधीच ध्यानात आला नव्हता. मी नावे रोमन लिपीत लिहितो, तरी ‘वरमाला’ आणि ‘वरमाळा’ असे दोन्ही लिहून हाच घोळ केला आहे. मात्र पहिले ऐकणे मार्करविना करावे हे मला मान्य नाही. लग्नाच्या कामात दोनदा ऐकायला वेळच नसतो. आणि मार्करचा रंग नंतर बदलता येतो, म्हणून पहिल्या फेरीत सगळ्या खुणा एकाच फिकट रंगाने कराव्यात आणि दुसऱ्या फेरीत त्यांतल्या पारखून घ्याव्यात, असे मी करतो. ३१ तासांचे चित्रण दोनदा पूर्ण ऐकायचे म्हणजे ६२ तास होतात, याचाही ताईंनी विचार करावा.

चित्ररथ

मी बेळगावातच राहतो आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे चित्रण तीन-चार कॅमेऱ्यांनी करणाऱ्या एका गटात आहे. ताईंनी विचारलेले नाही, पण यंत्रमागाचा उल्लेख वाचून एका धोक्याविषयी लिहावेसे वाटले. मुलाखती आपण दोन कॅमेऱ्यांनी घेत असाल, किंवा आवाज वेगळ्या ध्वनिमुद्रकावर घेत असाल, तर दोन्ही जुळवताना ध्वनीच्या लहरींवरून आपोआप जुळवण्याचा पर्याय आपण वापराल. शांत खोलीत तो उत्तम चालतो. मागाजवळ मात्र खटखट सारख्याच अंतराने येत राहते, प्रत्येक ठोक्याची लहर जवळजवळ आधीच्या ठोक्यासारखी दिसते, आणि त्यामुळे प्रणाली एखादा ठोका पुढे किंवा मागे जुळवू शकते. ओठ आणि आवाज यांत फरक दिसतो, पण तो इतका थोडा असतो की चूक कुठे आहे हे सापडत नाही. ढोलताशाच्या चित्रणात आमचे असेच झाले होते.

त्यावर उपाय जुनाच आहे. चित्रण सुरू झाले की दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी एकदा टाळी वाजवावी. हाताचे तळवे ज्या चौकटीत (फ्रेममध्ये) मिळतात त्या चौकटीवर प्रत्येक क्लिपमध्ये मार्कर लावावा. आपल्याकडे बहुतेक काम सेकंदाला २५ चौकटींवर चालते, म्हणजे एक चौकट ४० मिलिसेकंदांची झाली आणि एका चौकटीची चूक सहसा जाणवत नाही. रिझॉल्व्हमध्ये त्याच चौकटीवर प्रत्येक क्लिपचा इन बिंदू (सुरुवातीची खूण) ठेवून इनवरून जुळवणी करावी. प्रीमियरमध्ये थेट क्लिपवरच्या मार्करवरून जुळवण्याचा पर्याय आहे.

मुलाखत संपतानाही दुसरी टाळी वाजवावी आणि तिथेही मार्कर लावावा. एक कॅमेरा म्हणजे मोबाइल असेल तर हे फारच आवश्यक आहे, कारण पुष्कळ मोबाइलांत चौकटींचा वेग स्थिर राहत नाही. दोन्ही क्लिपांत पहिल्या आणि शेवटच्या टाळीमधले अंतर मोजावे. ते सारखे असेल तर निर्धास्त पुढे जावे. ५० मिनिटांत १२ चौकटींचा फरक पडला असेल तर शेवटी आवाज जवळजवळ अर्ध्या सेकंदाने सुटलेला असेल, आणि अशी मोबाइलची क्लिप आधी स्थिर वेगात रूपांतरित करून मगच कामाला घ्यावी. हे रूपांतर मार्कर लावण्याआधी करावे, नाही तर नव्या फायलीवर सगळ्या खुणा पुन्हा कराव्या लागतील.

चिकोडीकर

माझा संगणक जुना असल्याने मी केडेनलाइव्ह ही संकलन-प्रणाली वापरतो, त्याची भर घालतो. तिथे क्लिपवरची खूण आणि टाइमलाइनवरची खूण हा भेद नावातच आहे. क्लिपवर असतो तो मार्कर आणि टाइमलाइनवर असतो तो गाइड. दोन्हींना रंगीत वर्ग देता येतात. फायनल कट या प्रणालीत तर, माझ्या भावाने दाखवले त्यानुसार, मार्कर क्लिपलाच लागतो, टाइमलाइनच्या पट्टीवर तो मुळात बसतच नाही. तेव्हा एका प्रणालीतून दुसरीत जाताना आधी याची खात्री करून घ्यावी.

वडगावची विणकरकन्या

सर्वांचे मनापासून आभार. निपाणीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे बॅकअप पाहिले. कापाकापीच्या ४० मिनिटे आधीची प्रत मिळाली आणि २१० पैकी १९८ मार्कर योग्य जागी सापडले. आता मी त्या प्रतीत एकेक क्लिप सोर्स व्ह्यूअरमध्ये उघडून ते मार्कर मूळ क्लिपवर नव्याने लावत आहे. वेळ लागतो आहे, पण त्या निमित्ताने दुसरे ऐकणे होत आहे, आणि खानापूरच्या ताईंनी म्हटले तसे एकाच गोष्टीच्या तीन-तीन खुणा मलाही सापडल्या.

मोबाइलच्या दोन क्लिपांत शेवटी आवाज सुटलेला आढळला. टाळी वाजवलेली नव्हती, म्हणून माग बंद पडून एकदम शांतता झाली तो क्षण दोन्हींत धरला.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. माझा सगळा प्रकल्प एकाच संगणकावर आहे. चित्रणाच्या फायली मी बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवल्या आहेत, तेवढ्याने मार्करही सुरक्षित राहतात का? आणि एकेक मुलाखत यूट्यूबवर ठेवताना प्रसंगांप्रमाणे प्रकरणे दाखवायची आहेत, त्यासाठी हेच मार्कर चालतील का?

निपाणीचा संकलक

नाही, सुरक्षित राहत नाहीत, म्हणून आज रात्रीच एवढे करावे. रिझॉल्व्हमधील मार्कर चित्रफितीच्या फायलीत नसतात, ते प्रकल्पाच्या डेटाबेसमध्ये असतात. फायली डिस्कवर आहेत आणि संगणक बिघडला, तर ३१ तासांचे चित्रण वाचेल पण एकही खूण वाचणार नाही. प्रोजेक्ट मॅनेजरमधून प्रकल्प निर्यात करून त्याची फाइल त्याच डिस्कवर ठेवावी, आणि प्रत्येक आठवड्याला नवी प्रत जुनीवर न लिहिता वेगळ्या तारखेने ठेवावी. प्रीमियरमध्ये क्लिपचे मार्कर फायलीच्या मेटाडेटात लिहिण्याचा पर्याय आहे, पण तिथेही प्रकल्पाची प्रत ठेवलेलीच बरी.

प्रकरणांसाठी मात्र क्लिपवरचे मार्कर नकोत, इथे टाइमलाइनवरचेच हवेत, कारण इथे तयार चित्रफितीतला काळच दाखवायचा आहे. सगळे संकलन संपल्यावर, एकही तुकडा आता हलणार नाही अशी खात्री झाल्यावर, एखादा न वापरलेला रंग घेऊन पट्टीवर मार्कर लावावेत. त्यांच्या वेळा यूट्यूबवरील चित्रफितीच्या वर्णनात लिहाव्या लागतात. पहिली वेळ ००:०० असावीच लागते, निदान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक प्रकरण किमान १० सेकंदांचे हवे. यातले एक जरी चुकले तरी प्रकरणे दिसत नाहीत. प्रकरणांची नावे मराठीत चालतात.

खानापूरची ओवी

ताई, प्रकरणांची नावे विणकरांच्याच तोंडच्या शब्दांत द्यावीत असे मला वाटते. त्यासाठी हिरव्या मार्करच्या टिपेत त्यांचे एखादे वाक्य आत्ताच जसेच्या तसे उतरवून ठेवावे.

वडगावची विणकरकन्या

प्रकल्प निर्यात करून डिस्कवर ठेवला आणि दुसरी प्रत शहापुरातल्या मावशीकडे दिली. कळशब्दांची यादी ३६ शब्दांची झाली आहे. ती करताना वडिलांना शेजारी बसवले होते. फणीतून सूत ओवण्याच्या ज्या कामाला मी क्लिपमध्ये नुसते ‘हात’ असे लिहिले होते, त्याचे नाव त्यांनी सांगितले, आणि तशाच आणखी ११ क्लिपा त्यांनी मला मीडिया पूलमध्ये बोट ठेवून दाखवल्या. आजपासून सातव्या मुलाखतीवर खुणा करायला घेत आहे.